भिंतीवरचे तीन तास

फसवणुकीच्या तक्रारीची झेरॉक्स काढून झाली की माझी वहिनी हात धुते. बाकीच्या कागदांना नाही. जन्माचे दाखले, भाडेकरार, शाळेचे निकाल, कुणाच्या तरी रक्ताचे रिपोर्ट, हे सगळं ती एका हातात बिस्किट धरून काढते. पण ‘मला अमुक नंबरवरून फोन आला’ अशी सुरुवात असलेला कागद मशीनमधून बाहेर पडला की आधी फडक्यानं काच पुसते आणि मग मागच्या नळाखाली भांड्यांच्या पावडरीनं कोपरापर्यंत हात घासते. मी एकदा विचारलं, “वहिनी, कागदाला काय लागलंय?” तर म्हणाली, “थुंकी लागल्यासारखी वाटते हो.” फसलेल्याची नव्हे. फसवणाऱ्याची.

आमचं दुकान पोलीस ठाण्याच्या समोर आहे. दोन मशीन, एक लॅमिनेशनचं यंत्र, एक उंच स्टूल आणि कोपऱ्यात माझं टायपिंगचं टेबल. दुकान माझ्या भावाचं. तो गेला तेव्हा सगळ्यांनी वहिनीला मशीन विकून टाकायचा सल्ला दिला. तिनं सल्ला देणाऱ्यांना पाणी विचारलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला शटर वर केलं. ती आमच्या घरात आली तेव्हा मी हाफ चड्डीत होतो, त्यामुळे मी तिला अगंतुगं करतो आणि ती मला अजूनही अहोजाहो करते. ती भाऊजी म्हणते म्हणून गिऱ्हाईकंही मला भाऊजीच म्हणतात. माझ्या वडिलांच्या वयाचे लोकसुद्धा.

माझं काम तक्रारी टाइप करायचं. ठाण्यातला हवालदार लोकांना सांगतो, “समोर जा, नीट लिहून आणा,” आणि माणसं रस्ता ओलांडून माझ्यासमोर येऊन बसतात. पूर्वी पाकीट गेलं, सायकल गेली, शेजाऱ्यानं शिवी दिली, असलं काहीतरी असायचं. शिवी कागदावर कशी लिहावी यावर आमची चर्चा व्हायची, आम्ही हसायचोही. गेल्या पाचसात वर्षांत दिवसातल्या चार तक्रारींतल्या तीन फसवणुकीच्या. नोकरी देतो म्हणून, लग्न करतो म्हणून, बक्षीस लागलंय म्हणून, तुमचा मुलगा अपघातात सापडलाय म्हणून. मला शिसारी येते ती नुसती लुटण्याची नाही. हे हरामखोर माणसाच्या अंगातली चांगली गोष्ट शोधून काढतात आणि नेमकं तिथे बोट घालतात. आईला मुलाची काळजी असते ना, मग तिथे. दुकानदाराला आपल्या शब्दाची लाज असते ना, मग तिथे. चोरानं कुलूप तोडलं तर मला समजतं. हे घरात शिरून आधी आई म्हणतात, तब्येत विचारतात आणि मग खिसा कापतात.

आणि रांगेत उभे राहून फिदीफिदी हसणारे वेगळे. “एवढी शिकलेली माणसं फसतात कशी हो?” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की बोलणाऱ्याच्या तोंडावर स्टेपलर मारावासा वाटतो. त्यातले निम्मे नंतर त्याच खुर्चीत येऊन बसलेले मी पाहिलेत, मान खाली घालून.

भिंतीचं प्रकरण सुरू झालं ते एका खराब कॉपीमुळे. आमचं जुनं मशीन थंड असताना पहिल्या कॉपीवर काळा पट्टा मारतं. ती कॉपी वहिनी रद्दीच्या खोक्यात टाकते, मागच्या कोऱ्या बाजूवर आकडेमोड करायला. एक दिवस एक प्लंबर पाइपांची पावती घेऊन आला होता. मशीन गरम होईपर्यंत त्यानं खोक्यातला कागद उचलून वाचायला घेतला. अर्धं पान वाचलं असेल नसेल, घाम फुटला त्याला. “ताई, हा फोन मला सकाळीच आलाय. अगदी हेच बोलला तो. मी बँकेतच चाललोय!”

प्लंबर बँकेत गेला नाही. बराच वेळ स्टुलावर बसून राहिला आणि जाताना वहिनीला म्हणाला, “तुमच्या रद्दीनं वाचवलं बघा.”

त्या दिवसापासून वहिनीच्या डोक्यात किडा शिरला. तक्रार लिहायला आलेल्याला ती विचारायची, “एक पान आमच्यासाठी द्याल का? नाव नको. तुमच्या शब्दांत, काय झालं तेवढंच.” बरेच लोक नाही म्हणायचे. काही हो म्हणायचे. ते बोलायचे, मी टाइप करायचो, वर फक्त धंदा असायचा: रिक्षावाला, निवृत्त कारकून, मुलगी बघत असलेला एक जण. वहिनी ते पान स्टुलामागच्या भिंतीवर डकवायची. दोन वर्षांत अकरा पानं झाली. तिनं कुणाला कधी उपदेश केला नाही. कुणी कागद काढताना फोनवर “हो साहेब, लगेच करतो साहेब” करायला लागलं की ती मशीन थांबवायची आणि बोट दाखवायची. “चौथं पान वाचा. मग करा काय करायचं ते.” माणूस वाचायचा. मग चेहरा बदलायचा. असं किती वेळा झालं याची मोजदाद नाही, पण बऱ्याच वेळा झालं.

पानाच्या तळाशी नंबर लिहायची कल्पनाही तिचीच. “फसलेल्याला फसलेल्याशीच बोलावंसं वाटतं,” ती म्हणायची. “घरचे नुसते टोचून खातात.” सगळ्यांना विचारून त्यांचे फोन नंबर तिनं खाली जाड अक्षरात घातले. वर लिहिलं: लाजू नका, फोन करा. मला ते फार आवडलं होतं. मला आवडलं होतं हे मी मुद्दाम सांगतोय.

आठवं पान सिस्टरचं.

सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स. चाळीस वर्षं वॉर्डात काढलेली, ताठ मानेची, शब्दाला पक्की बाई. लग्न केलं नाही, मागे पुढे कुणी नाही. एका खोलीचं स्वतःचं घर, तेही नोकरीत असताना हप्ते फेडून घेतलेलं. गेल्या वर्षी तिला फोन आला की तिच्या नावाचं पार्सल पकडलंय आणि त्यात बंदी असलेली औषधं सापडलीत. औषधं म्हटल्यावर ती हबकली. नर्सचं नाव औषधांत अडकणं म्हणजे काय हे तिला माहीत होतं. मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर बसवून त्यांनी तिची चौकशी केली. खिडकीला हिरवा पडदा लावायला लावला. कुणाशी बोलायचं नाही म्हणाले. बँकेतली सगळी शिल्लक ‘तपासणीसाठी’ पाठवायला लावली, आणि ती गेलीच.

तक्रार लिहायला ती आली तेव्हा वहिनी कागद आणायला बाजारात गेली होती. सिस्टरनं मला सगळं सांगितलं. त्या लोकांनी तिला तीन दिवस फोनसमोर बसवून ठेवलं होतं. तीन दिवस. झोपताना फोन उशाशी, कॅमेरा चालू. बाथरूमला जाण्याआधी तिनं परवानगी मागितली होती. शेकडो पेशंटना हुकूम सोडलेली ही बाई त्या गटारातल्या किड्याला “सर, जाऊ का?” विचारत होती. हे टाइप करता करता मी उठून बाहेर जाऊन उभा राहिलो आणि मग परत आलो.

तक्रारीत मी तीन दिवस लिहिलं. ती सही करून ठाण्यात देऊन आली. मग भिंतीचं पान सांगताना ती खाली बघून म्हणाली, “भाऊजी, इथे तीन तास लिहा हो. लोक वाचतात. तीन दिवस म्हटलं तर म्हणतील, बाई आहे की बावळट?”

मी तीन तास लिहिलं. वहिनीलाही बोललो नाही.

त्यानंतर आठेक महिन्यांनी, एका सकाळी, सिस्टर प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आली. “प्रत्येकी दोन,” म्हणाली आणि स्टुलावर न बसता उभीच राहिली. दुकानात दोघंतिघं होते. वहिनी कागद काचेवर ठेवताना वाचत नाही असं ती सगळ्यांना सांगते. ते खोटं आहे. ती स्वल्पविरामसुद्धा सोडत नाही.

पहिला कागद काढला, दुसरा काढला, तिसऱ्याला तिचा हात थांबला. घराचं खरेदीखत, ओळखपत्र दोन्ही बाजूंनी आणि हातानं लिहिलेलं एक हमीपत्र.

“सिस्टर, घराचे कागद कशाला?”

“भाच्याचं काम आहे जरा.”

“तुम्हाला भाचा कुठला?”

सिस्टर पिशवीची घडी घालत राहिली. वहिनीनं मशीन बंद केलं. बंदच केलं, बटण दाबून. मागच्या माणसानं “अहो माझं” म्हणताच तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो भिंतीवरची पानं वाचायला लागला.

“ताई, अडवू नका मला,” सिस्टर हळू आवाजात म्हणाली. “यावेळी खरं आहे. वसुली विभागातून फोन आला. माझे पैसे सापडलेत, खातं गोठवलंय. सोडवायला हमी लागते, घराची. माणूस दुपारी येऊन कागद घेऊन जाणार आहे, मूळ कागद. महिन्याभरात परत देणार.”

“तुम्हाला अजून असल्या फोनवर विश्वास?”

“मलाही आधी नव्हता!” तिचा आवाज चढला. “मी वॉर्डात आयुष्य काढलंय, मला खोटं कळतं. पण त्यांना सगळं ठाऊक आहे हो. पार्सलचं, औषधांचं. हिरव्या पडद्याचं ठाऊक आहे. तीन तास बसवून ठेवलं तेही ठाऊक आहे. केसची फाइल समोर असल्याशिवाय कुणाला ठाऊक असणार?”

माझे हात कीबोर्डवर होते ते तिथेच राहिले.

फाइलमध्ये तीन दिवस आहेत. मीच टाइप केलेत. ठाण्यात तीन दिवस, बँकेला दिलेल्या अर्जात तीन दिवस. तीन तास जगात एकाच कागदावर होते आणि तो कागद माझ्यापासून चार हातांवर भिंतीवर डकवलेला होता.

आता हे बोलायचं म्हणजे तिचं गुपित चारचौघांत फोडायचं. न बोलावं तर दुपारी घर जातंय. मी उठलो, तिच्याजवळ गेलो आणि शक्य तितक्या हळू म्हणालो, “सिस्टर, तीन तास तुम्ही फक्त मला लिहायला सांगितलंत. फाइलमध्ये तीन तास नाहीत.”

तिला समजायला वेळ लागला. मला वाटलं होतं ती चिडेल. ती म्हणाली, “मला तर बरं वाटलं होतं, भाऊजी. म्हटलं, चला, या माणसाला निदान पुढचे दिवस माहीत नाहीत.”

वहिनीनं आमच्या दोघांकडे पाहिलं. मग मी तिला सांगितलं, पान खोटं आहे म्हणून, आणि का खोटं आहे ते. ती वळून भिंतीसमोर गेली आणि आठव्या पानाच्या तळाशी असलेल्या नंबरावर बोट ठेवून उभी राहिली. तिनंच जाड केलेला नंबर.

तेवढ्यात काउंटरवर ठेवलेला सिस्टरचा फोन वाजला.

वहिनी झेप घेऊन आली. तिच्या तोंडात शिव्यांची रांग तयार होती, मला दिसत होती. पण सिस्टरनं तिचा हात बाजूला केला आणि स्पीकर लावला.

“आई, झाले का कागद?” आवाज मऊ, तुपासारखा. “उन्हात फिरू नका हं. आमचा माणूस येईल घरी.”

“झालेत,” सिस्टर म्हणाली. “एक विचारू का साहेब? मागच्या वेळी त्या लोकांनी मला किती वेळ बसवून ठेवलं होतं?”

“तीन तास, आई. वाचूनच अंगावर काटा आला मला. फार वाईट केलं त्यांनी तुमचं.”

सिस्टरनं फोन बंद केला. कागद पिशवीत भरले, खरेदीखत सर्वांत आत. मग स्टुलावर बसली आणि म्हणाली, “पाणी द्या.”

दुकानातली माणसं एकमेकांकडे बघत होती. हसलं कुणी नाही, हे त्यांच्या नशिबानं.

मला वाटलं, संपलं. वहिनी मात्र नळाशी गेली होती आणि हात घासत होती. थांबेचना. पावडरीचा डबा अर्धा झाला. मी हाक मारली तेव्हा ती पाठमोरीच म्हणाली, “भाऊजी, तो फाइलवाला आठवतो का?”

आठवला. दोनेक महिन्यांपूर्वी एक गृहस्थ आला होता. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल, बोलणं अदबीचं. ग्राहकांना सावध करणारी संस्था चालवतो म्हणाला. भिंत बघून त्यानं हात जोडले होते. “ताई, असं काम मी कुठे पाहिलं नाही.” दोन वर्षांत वहिनीला असं म्हणणारा तो पहिलाच. त्याला सगळ्या पानांचा संच हवा होता, इतर गावांतल्या लोकांना दाखवायला. वहिनीनं अकराच्या अकरा पानं उतरवून झेरॉक्स करून दिली. पैसे घेतले नाहीत. आणि पुढचं सांगताना मला आजही स्वतःचीच किळस येते, कारण मी तिथेच बसलो होतो. पहिल्या संचात तळाचे नंबर पुसट आले होते. त्यानं “चालेल ताई” म्हटलं होतं. वहिनीनं “चालेल कसं, लोकांना फोन लागला पाहिजे” म्हणत शाई वाढवून सगळा संच परत काढला, नंबर ठसठशीत येईपर्यंत. वर स्टेपल करून, कव्हर घालून दिला. आपल्या कामाचा अभिमान असतो ना माणसाला. बरोबर तिथे बोट घातलं त्यानं.

त्या दिवशी आम्ही शटर अर्धं ओढून उरलेल्या दहा जणांना फोन केले. सहा जणांना ‘वसुली विभागा’चा फोन येऊन गेला होता. चौघांनी ओळखून ठेवून दिला होता. दोघांनी ‘पैसे सोडवायची’ फी भरली होती. रिक्षावाला त्यातला एक. बायकोचे दागिने मोडून त्यानं भरली होती. वहिनीनं त्याला सगळं खरं सांगितलं, माझ्याच दुकानातून नंबर गेला म्हणून. तो तिला जे बोलला ते मी टाइप करणार नाही. ती फोन कानाला लावून शेवटपर्यंत ऐकत राहिली. मध्येच ठेवला नाही.

मग समोर ठाण्यात गेलो. हवालदारानं ऐकून घेतलं, टेबलावर पेन ठेवलं आणि हसला. “म्हणजे तुम्हीच संच दिलात? कव्हर घालून? एवढ्या शिकलेल्या तुम्ही!” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वहिनी शांतपणे म्हणाली, “हो, कव्हर घालून. लिहून घ्या.” त्यानं लिहून घेतलं. पुढे काही झालं का विचाराल तर, नाही. तो फाइलवाला कुठेतरी दुसऱ्या भिंतीपुढे हात जोडून उभा असेल.

संध्याकाळी वहिनीनं अकराही पानं काढली. मी म्हटलं, बस झालं, रंग देऊन टाकू भिंतीला. तिनं कात्री घेतली आणि प्रत्येक पानाची तळाची पट्टी, नंबराची, कापून टाकली. “ज्याला बोलायचं असेल तो इथे येऊन बसेल,” म्हणाली. “स्टूल आहे की.” उरलेली पानं तिनं एकेक करून परत डकवली. रिक्षावाल्याचं पान मात्र बाजूला ठेवलं. त्याला विचारायला हवं होतं.

सिस्टर तोवर गेली नव्हती. सकाळपासून स्टुलावरच होती, मांडीवर पिशवी. ती उठली, माझ्या टेबलावरचं पेन उचललं आणि आठव्या पानावर ‘तास’ हा शब्द खोडून वर ‘दिवस’ लिहिलं. नर्सचं अक्षर, औषधाच्या पत्रकावर असतं तसं सुटं आणि स्वच्छ. मग खाली आणखी एक ओळ लिहिली: बाथरूमला जातानाही मी विचारत होते.

वहिनी बघत होती. ती माझ्यासमोरच्या खुर्चीत, तक्रारवाल्यांच्या खुर्चीत, येऊन बसली. त्या खुर्चीत मी तिला कधी बसलेलं पाहिलं नव्हतं.

“घ्या भाऊजी, बारावं. वर लिहा, झेरॉक्सवाली.” मी कागद लावला. ती सांगू लागली. “एक माणूस आला. माझ्या कामाचं कौतुक केलं. पानं मागितली. मी दिली. जेमतेम पाच मिनिटं होता दुकानात.”

“पाच मिनिटं?” सिस्टर स्टुलावरून म्हणाली. “अकरा पानांचा संच, तोही दोनदा?”

वहिनीनं हात पदराला पुसले. धुतलेलेच होते.

“पाऊण तास,” ती म्हणाली. “चहा पाजला मी त्याला.”

मी टाइप केलं. ती उठली नाही.

“आणि जाताना माझा नंबर मागितला त्यानं,” ती म्हणाली. “काही लागलं तर सांगा म्हणाला, तर मी म्हटलं, पुढची पानं झाली की मीच पाठवीन तुम्हाला. हेही लिहा.”